पहिला कोट परत

"जगात आजवर जे जे थोर घडलं, ते कुणीतरी 'नाही' म्हणालं म्हणून घडलं," नवे साहेब पहिल्याच दिवशी सगळ्या कारखान्याला उद्देशून म्हणाले.

भाषणाला जरा उंची हवी म्हणून ते कापडाच्या गठ्ठ्यावर चढले होते. गठ्ठा अस्तराचा होता आणि अस्तर गुळगुळीत असतं. त्यामुळे 'जे जे थोर' म्हणताना साहेबांचं डोकं पंख्याखाली होतं, 'कुणीतरी'ला ते भिंतीवरच्या घड्याळाशी आलं, आणि वाक्य पुरं होईतो साहेब सावकाश, एकाच लयीत घसरत खाली येऊन बसले होते.

कुणी हसलं नाही. हसायलासुद्धा माणसाबद्दल थोडी आपुलकी लागते.

"बसूनच बोला साहेब," कटिंगमास्तर म्हणाले. "आम्हाला ऐकू येतंय."

कारखाना गणवेशांचा. दवाखान्यांचे, हॉटेलांचे, पहारेकऱ्यांचे गणवेश इथे शिवले जात. लांबलचक हॉल, दोन्ही बाजूंना शिलाई मशीनची रांग, मधोमध कापड बेतायचं मोठं टेबल, एका टोकाला साहेबांची काचेची केबिन आणि दुसऱ्या टोकाला, वाफेच्या ढगात, इस्त्रीचं टेबल. त्या ढगात जो माणूस उभा असे त्याला पूर्वी स्वतःचं नाव होतं. नवे साहेब आले त्या दिवशी ते संपलं. साहेबांच्या बायकोचा हा थोरला भाऊ आहे हे कळल्यावर सगळा हॉल त्यांना 'मेहुणे' म्हणू लागला. तेही अशा सुरात, की जणू त्यांनी बहिणीचं लग्न कारखान्याला त्रास द्यायलाच लावलं होतं.

मेहुणे टेबलाजवळ आले की गप्पा थांबत.

"बोला की," मेहुणे म्हणत.

"काही नाही मेहुणे, हवापाण्याचं चाललं होतं. तेही वर सांगणार असाल तर सांगा."

खरं तर साहेबांवर मेहुण्यांचा जेवढा राग होता, तेवढा सबंध हॉलचा मिळून नव्हता. हॉलला साहेब फक्त कामाच्या वेळेत सोसावे लागत. मेहुण्यांना ते घरीही होते. आधीची नोकरी गेली तेव्हा साहेब बायकोसह मेहुण्यांच्या घरी, वरच्या खोलीत राहायला आले होते, आणि 'थोडे दिवस' म्हणून आलेल्या माणसांच्या सवयीनुसार अजून तिथेच होते. घरी ते मेहुण्यांना 'दादा' म्हणत. कारखान्यात 'अहो, इस्त्री' म्हणत. आणि मेहुण्यांनी कारखान्यात चुकून 'भाऊजी' म्हटलं, की हातातलं काम थांबवून सांगत, "साहेब म्हणा."

मेहुण्यांनी मग घरीही साहेब म्हणायला सुरुवात केली. जेवताना म्हणत, "साहेब, मीठ सरकवा." साहेबांना त्यात काही खटकलं नाही.

तर, साहेबांचा नियम असा होता, की पहिल्यांदा पुढ्यात आलेली कुठलीही गोष्ट पास करायची नाही. बघायचीही गरज नाही. दोन बोटांत धरायची, नाक मुरडायचं आणि म्हणायचं, "परत." ही विद्या त्यांना त्यांच्या जुन्या वरिष्ठांकडून मिळाली होती. ते वरिष्ठ यांचं प्रत्येक काम पहिल्यांदा परत पाठवत. एकदा यांनी वैतागून तेच काम, काडीचाही बदल न करता, दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलं आणि ते शाबासकीसकट पास झालं. यावरून कुणाही शहाण्या माणसाने काढला असता तो निष्कर्ष साहेबांनी काढला नाही. परत पाठवलं की काम आपोआप सुधारतं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

कटिंगमास्तरांचा पहिला कोट त्यांनी सगळ्या हॉलसमोर परत केला.

"हे शिवलंय की लांबून फेकून मारलंय?"

मास्तरांच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असत. त्या एकेक करून काढत त्यांनी विचारलं, "चूक काय आहे, साहेब?"

"चूक मी शोधायची? मग तुम्हाला कशाला ठेवलंय?"

"बरं."

"बरं नाही. परत."

मास्तरांनी त्या कोटाची एकेक शिवण तपासली. काही सापडलं नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून तपासली. दोन दिवस ते घरी कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुसरा कोट शिवून नेला, तेव्हा साहेब म्हणाले, "बघा. मी होतो म्हणून जमलं." आणि कारखान्याच्या मालकीणबाईंचा फोन आला तेव्हा केबिनचं दार उघडं ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "हो, कोट मी करून घेतला. माणसं काय, अशीतशीच आहेत. चालवून घेतोय."

त्या दिवसापासून हॉलमध्ये कुणी साहेबांना हे बरं की ते, असं विचारेनासं झालं. कापडाला भोक दिसलं तरी कुणी सांगत नसे. साहेबांनी सांगितलेलं नाही, म्हणजे ते भोक नाही.

यातून वाट निघाली ती घरच्या ओट्यावर. एका सकाळी मेहुणे पाणी प्यायला आत गेले तर बहीण कपात काहीतरी ओतत होती.

"हे काय?"

"चहा."

"याला ना रंग, ना दूध. भांडं विसळलेलं पाणी दिसतंय."

"पहिला कप आहे, दादा. तो परतच येतो. त्यात चांगलं दूध कशाला घालू?"

कप वर गेला. वरून आवाज आला, "परत." बहिणीने आधीच गाळून ठेवलेला दुसरा कप उचलला आणि वर नेला. "आता कसा झाला," साहेब म्हणाले. "सांगितल्याशिवाय तुला जमत नाही."

मेहुण्यांनी ही गोष्ट मास्तरांना सांगितली. सांगताना त्यांच्या मनात फारसं काही नव्हतं. निदान पुढे ते तसं सांगत. हॉलमध्ये आपल्याशी कुणीतरी दोन शब्द बोलावेत एवढीच इच्छा होती, आणि ती पुरी झाली. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि मेहुण्यांना बसायला स्टूल दिलं.

तेव्हापासून प्रत्येक सँपल दोनदा शिवलं जाऊ लागलं. पहिलं मुद्दाम चुकवलेलं, त्याला हॉलमध्ये 'बकरा' म्हणत. दुसरं खरं. मेहुण्यांनी आधी बकरा इस्त्री करून केबिनमध्ये न्यायचा, बाहेर यायचं, 'परत' ऐकू आलं की जरा वेळ काढायचा आणि खरा कपडा न्यायचा. बकरे शिवताना हॉलला जो हुरूप चढे तो खऱ्या कामाला कधी चढला नव्हता. कुणी शर्टाला पाठीवर खिसा लावला. कुणी कॉलर अशी बेतली की आत दोन माना मावाव्यात. एका पँटीला तर मास्तरांनी दोन्ही पाय डावेच लावले.

ती पँट साहेबांनी वर धरून बराच वेळ पाहिली. सगळा हॉल श्वास रोखून होता.

"घडी नीट बसलेली नाही," साहेब म्हणाले. "अहो इस्त्री, परत."

मेहुण्यांना त्या दिवशी पहिल्यांदा साहेबांची थोडी भीती वाटली.

साहेब अजून कायम झाले नव्हते. मालकीणबाईंनी त्यांना तात्पुरतं नेमलं होतं आणि स्पष्ट सांगितलं होतं, की मोठ्या हॉटेलच्या दारवानांच्या कोटांची ऑर्डर मिळवलीत तर कायम, नाही तर मी दुसरा माणूस बघते. हॉटेलवाले सँपल पाहायला येणार असं ठरलं, तेव्हा बहिणीने मेहुण्यांना जिन्यातच गाठलं.

"दादा, हे कायम झाले पाहिजेत."

"माझ्या हातात काय आहे?"

"तुझ्या हातात काय आहे ते मला माहीत आहे. बकऱ्यांचं सगळं कळलंय मला. त्या दिवशी चावटपणा नको."

"तुला त्यांचा एवढा कळवळा कधीपासून?"

"कळवळा कसला? मागची नोकरी गेली तेव्हा आठवतंय ना? दिवसभर घरी. डबे उंचीने लावायला लावले, मग रंगाने लावायला लावले. मी केस विंचरले तर म्हणाले, परत. तू जातोस इस्त्रीवर. मी कुठे जाऊ?"

मेहुण्यांनी दिवसभर घरी असलेले साहेब डोळ्यांसमोर आणून पाहिले. शिवाय सुट्टीचा दिवस आपलाही असतो, हे त्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी ते मास्तरांकडे गेले.

"या वेळी बकरा नको, मास्तर. एकच कोट, चांगला."

"आणि तो परत केला तर? हॉटेलवाल्यांच्या तोंडावर चांगल्या कोटाला नाक मुरडलं तर? मग दुसरा कुठला दाखवणार?"

मेहुण्यांनी विचार केला. मास्तरांचं बरोबर होतं, आणि त्याचाच राग येत होता.

"म्हणजे तुमच्या भाऊजींना कायम करायचं तर बकरा हवाच," मास्तर म्हणाले. "पण सभ्य बकरा शिवू. हँगरवर पाहुण्यांना काही दिसायला नको. साहेब परत म्हणतील, पाहुण्यांना वाटेल काय कडक माणूस आहे, मग तुम्ही खरा आणा. मला तुमचे साहेब नकोत, पण ऑर्डर हवी आहे."

मास्तरांनी मग जाड लोकरी कापडाचे दोन लांब कोट शिवले, गळ्यापर्यंत बंद, पितळी बटणांचे. एक खरा. दुसऱ्याला डावी बाही उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवली आणि काखेत थोडा घट्टही केला. कोटाची बाही सरळ नळी नसते, हात जिकडे वाकतो तिकडे तिला बाक दिलेला असतो. बाह्या बदलल्या की हँगरवर कोट राजबिंडा दिसतो आणि अंगात घातला की हात आपले आपण मागे जातात, पकडून नेल्यासारखे.

आदल्या दिवशी मालकीणबाईंनी साहेबांना बोलावून घेतलं. काय बोलणं झालं ते मेहुण्यांना कळलं, पण उशिरा. "तुम्ही कधी कुणाला चांगलं म्हणत नाही असं ऐकते," त्या म्हणाल्या होत्या. "हॉटेलवाले विचारत होते, तुमच्याकडे माणसं टिकतात का. उद्या त्यांच्यासमोर एकदा तरी कौतुक करा." साहेबांनी मान डोलावली आणि हॉलमध्ये येऊन कुणाला एक अक्षर सांगितलं नाही. साहेब कुणालाच आधी काही सांगत नसत. सांगितलं की लोकांना कळतं, असा त्यांचा अनुभव होता.

हॉटेलवाले आले. गोल चेहऱ्याचा, पॉलिश केल्यासारखा गृहस्थ. मालकीणबाई, ते, साहेब आणि मास्तर केबिनमध्ये बसले. मेहुण्यांनी पहिला कोट नेऊन हँगरवर अडकवला, बाहेर आले, खरा कोट हातावर घेतला आणि काचेच्या दारामागे उभे राहिले. मागे हॉलमधली मशीन एकेक करून बंद झाली होती.

साहेबांनी कोट पाहिला. म्हणजे, कोटाच्या दिशेने पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की मेहुण्यांना आधी वाटलं यांचं पोट दुखतंय. ते हसू होतं.

"वा," साहेब म्हणाले. "मास्तर, वा. पास."

मास्तरांच्या तोंडातल्या टाचण्या जमिनीवर पडल्या. तो बारीक आवाज बाहेरपर्यंत आला.

"साहेब," मास्तर म्हणाले, "एकदा नीट बघून घ्या."

"बघितलं. अप्रतिम."

"दुसराही एक..."

"मास्तर, पाहुण्यांसमोर मध्ये बोलायचं नाही, हे ठरलंय आपलं." मग हॉटेलवाल्यांकडे वळून म्हणाले, "फार विनयशील माणसं आहेत. मी तयार केलीत."

मेहुण्यांनी दार किलकिलं केलं. "भाऊजी..."

"साहेब म्हणा," साहेब म्हणाले आणि दार लावून घेतलं.

इतक्या महिन्यांत जो शब्द हॉलने झोपेतसुद्धा ऐकला होता, तो आज एकदा निघाला असता तर सगळं निभावलं असतं. मेहुणे काचेबाहेरून ओठांनी तो शब्द करून दाखवत होते. साहेबांना वाटलं, हे लोक आपलं अभिनंदन करताहेत. त्यांनी हात हलवला.

"अंगात कसा दिसतो?" हॉटेलवाल्यांनी विचारलं.

"मीच घालून दाखवतो," साहेब म्हणाले.

मास्तरांनी पुढे होऊन कोट धरला. आता त्यांच्या चेहऱ्यावर काळजी उरली नव्हती, शांती होती. त्यांनी सगळी बटणं गळ्यापर्यंत, अगदी प्रेमाने लावून दिली. साहेबांचे दोन्ही हात हळूहळू मागे निघाले आणि पाठीशी जाऊन थांबले.



"हात," मालकीणबाई म्हणाल्या.

"हो, हात," साहेब म्हणाले. कपाळावर घाम होता, पण कबूल करणं त्यांच्या अंगात नव्हतं, आणि आता तर अंगात जागाही नव्हती. "ही आमची नवी पद्धत आहे. दारवानाचे हात मागे राहिले की शिस्त दिसते. मी स्वतः सुचवलं."

हॉटेलवाल्यांनी डोळे बारीक केले. "म्हणजे याला हात पुढे करताच येणार नाही?"

"मुळीच नाही."

"पाहुण्यांपुढे बक्षिशीसाठी हात पसरतात हो आमचे दारवान. फार तक्रारी आहेत." ते पुढे झुकले. "हे बरं आहे."

मेहुण्यांच्या जिवात जीव आला. बहिणीचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर तरळून गेला, शांतपणे केस विंचरतानाचा.

"पण मग हा दार कसा उघडणार?" हॉटेलवाल्यांनी विचारलं.

"मागून," साहेब म्हणाले, आणि दाखवायला निघाले. उलट पावलांनी, मान ताठ ठेवून ते दाराशी आले. पाठीमागच्या बोटांनी मूठ चाचपली, फिरवली आणि दार उघडलं. दारात मेहुणे उभे होते, हातावर दुसरा कोट घेऊन.

"हा कुठला?" मालकीणबाईंनी विचारलं.

मेहुण्यांना खोटं सुचेना. आयुष्यभर वाफेत उभं राहिलेल्या माणसाला ऐन वेळी काही सुचत नाही. "हा दुसरा," ते म्हणाले. "पहिला परत आला की आणायचा असतो."

"दर वेळी दोन शिवता?"

"एक साहेबांसाठी," मास्तर म्हणाले, "एक गिऱ्हाइकासाठी."

हॉटेलवाल्यांनी उठून खरा कोट घातला. हात वर केला, खाली केला, दार लावलं, उघडलं. "दारवानाला दार उघडता आलं पाहिजे, बाकी बक्षिशीचं आमचं आम्ही बघू," ते म्हणाले. "हा चालेल." आणि मालकीणबाईंशी दोन शब्द बोलून ते निघून गेले.

"म्हणजे ऑर्डर मिळाली," साहेब म्हणाले.

"कोटाला मिळाली," मालकीणबाई म्हणाल्या. "तुम्ही जो पास केलात त्या कोटाला नाही. उद्यापासून येऊ नका. मी दुसरा माणूस बघते."

"बाई, या लोकांनी मुद्दाम..."

"मुद्दाम केलं, दिसतंय मला. त्यांचंही बघणार आहे. पण डोळ्यांसमोर आलेलं तुम्हाला दिसत नाही, ते मी कसं चालवून घेऊ?"

मास्तर टाचण्या गोळा करायला खाली वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत.

साहेब हॉलच्या मधोमध येऊन उभे राहिले. हात पाठीशी, छाती आपोआप पुढे. खरं सांगायचं तर इतके रुबाबदार ते कधीच दिसले नव्हते.

"ऐका," ते म्हणाले. "मी तुम्हाला घडवायला आलो होतो. तुम्ही घडणारी माणसं नाही. उद्या माझ्या जागी कुणी गोड बोलणारा येईल, तुमच्या खांद्यावर हात ठेवेल, आणि हा कारखाना बुडेल. तेव्हा तुम्हाला मी आठवेन. माझ्यासारख्या माणसाला कुणाची गरज लागत नाही. मी एकटा आलो, एकटा जातो. इथल्या कुणाचेही माझ्यावर उपकार नाहीत, आणि पुढेही मी कुणाकडे काही मागणार नाही."

  साहेब दाराकडे जायला वळले आणि मध्येच थांबले. त्यांचा चेहरा विचित्र आक्रसला. ओठ वाकडे झाले, एक डोळा मिटला, गाल थरथरला. माणूस रडायला लागणार असं हॉलला वाटलं आणि पहिल्यांदाच काही जणांनी माना खाली घातल्या. मेहुण्यांनाही वाटलं, कसाही असला तरी बहिणीचा नवरा. ते केबिनच्या दारातून पुढे आले आणि साहेबांजवळ जाऊन उभे राहिले.

"दादा," साहेब अगदी हळू म्हणाले.

"बोला, भाऊजी."

"जरा नाक खाजवता का माझं? डावीकडून."